खिडकीचं नाव ऐकेपर्यंत

१६ जून, सोमवार

बाळाजी नाखवांनी आज माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसले. आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन उभ्याउभ्या न बोलता खुर्चीत बसले की समजायचं, काहीतरी मोठं आहे.

सगळ्या बोटी आणि त्यांवरचे खलाशी २५ जुलैच्या आत नव्या पोर्टलवर चढवायचे आहेत, ठरवून दिलेल्या एक्सेलमध्ये. ज्या बोटीची यादी नाही तिला एक ऑगस्टला, पावसाळी मासेमारीबंदी उठेल तेव्हा, टोकन नाही, आणि टोकनाशिवाय बोट बंदरातून हलवायची नाही. आमच्या बोटी तीनशे शहाऐंशी. खलाशी दोन हजार नऊशे चौदा.

हे सगळं आहे, पण ‘सागरनोंद’मध्ये. अठरा वर्षांपूर्वी पनवेलच्या एका माणसाने बनवून दिलेला प्रोग्राम. माणसाने दुकान कधीच गुंडाळलं, फायलीचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. माहिती पडद्यावर दिसते, बाहेर काढायचं बटण नाही. छापता येते, पण त्या प्रिंटरची रिबन आता कुठे मिळत नाही.

“टाइप करू,” मी म्हटलं.

“कवा करशील?” बाळाजी म्हणाले. “येक तारखेला दर्या उघडतो. पोरांनी काय किनाऱ्यावर बसून पोर्टल बघायचा?”

हो म्हटलं खरं. एकोणीस वर्षं या ऑफिसात काढली, पण आज पहिल्यांदा कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले.

१८ जून, बुधवार

दोन दिवसांत एकशे तेरा खलाशी झाले. म्हणजे दिवसाला साठसुद्धा नाहीत. या गतीने पन्नास दिवस लागतील. हातात पन्नास दिवस नाहीत.

गेल्या हिवाळ्यात इराने, माझ्या लेकीने, मला पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा, शिकवली होती. ती पुण्याला नोकरी करते, रविवारी व्हिडिओ कॉलवर बसवायची. त्यातून मी सासूबाईंच्या औषधांची वेळ सांगणारा एक प्रोग्राम केला होता, एवढीच काय ती कमाई. तरी आज धाडस केलं. माउसने ठरल्या जागी क्लिक करत जाणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि चहा घ्यायला गेले. परत येऊन बघते तर मध्येच अँटीव्हायरसची सूचना वर आलेली, आणि माझा शहाणा प्रोग्राम दहा मिनिटं तिच्याच डोक्यात टिचक्या मारत बसलेला.

फोनवर बसणारा रत्नपाल हसला. “ताई, तुमचा माउस एकाच जागी टकटक करतोय हे मला इथं ऐकू येत होतं.”

मग सांगायचं नाही का! पण त्याला काय बोलणार. त्याला दिसत नाही.

२१ जून, शनिवार

आज फार खूश आहे. इराने फोनवर सांगितलं, “आई, जागा बघून क्लिक नको करूस. पायविनऑटो नावाची लायब्ररी आहे, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचा संच, ती घे. खिडकीला नावाने हाक मारायची.”

खरंच तसंच आहे. माउस कुठे आहे, खिडकी पडद्यावर कुठे सरकली, कशाशी तिला देणंघेणं नाही. ‘नौका माहिती’ नावाची खिडकी पकड, तिच्यातलं ‘शोधा’ हे बटण दाब, माहितीच्या खणातला मजकूर उचल. तीन ओळी. बटण आपोआप दबलं तेव्हा मी खुर्चीतच टाळी वाजवली. कोणी बनवलं असेल हे? कोण कुठल्या लोकांनी बसून ही एवढी मोठी सोय केली आणि ज्याला हवी त्याला फुकट देऊन टाकली. अशा माणसांना एकदा घरी बोलावून घावणे खायला घालावेत.

आणखी एक ओळ आहे, ती लिहिली की खिडकीची सगळी हाडं पडद्यावर येतात. किती बटणं, किती खण, सगळी यादी.

२५ जून, बुधवार

त्या यादीनेच अडवलं. बटणांना नावं आहेत. खणांना नाहीत. पनवेलच्या त्या माणसाने ‘नाव’, ‘वडील’, ‘आधार’ हे शब्द नुसते बाजूला रंगवून ठेवलेत, त्यांचा खणाशी संबंधच जोडलेला नाही. लायब्ररी प्रामाणिकपणे सांगते: एडिट एक, एडिट दोन, एडिट तेवीस. पैकी वडील कोण आणि आधार कोण? क्रमही उलटासुलटा. दिवसभर एकेका खणात आकडे घालून बघितले, डोकं भणभणलं.

साडेचारच्या सुमारास रत्नपालने विचारलं, “ताई, कुठला फॉर्म? खलाशांचा?” आणि हेडफोन एका कानावरून काढून तो घडाघडा बोलायला लागला. “पहिला नावाचा. टॅब दाबला की वडील. मग टॅब दोनदा दाबायचा, कारण मधला एक मुका खण आहे, त्यात कधीच काही नसतं. मग जन्मतारीख. आधार अकरावा. तळाच्या तक्त्याच्या नादी लागू नका, तो वाचता येत नाही. एफ-सहा दाबा, एकेक खलाशी वर येतो.”

एफ-सहा! अठरा वर्षांत मी एफ-सहा कधी दाबलेलं नाही. दाबलं. एकेक खलाशी वर आला.

रत्नपाल नऊ वर्षांपूर्वी लागला. पालीजवळच्या खेड्यातला. त्याच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम. तो इतक्या वेगाने बोलतो की मला नुसतं कढई तडतडल्यासारखं ऐकू येतं. कोणी फोन करून विचारलं, अमक्या बोटीचं लायसन कधी संपतं, तर त्याचं उत्तर माझा माउस हलायच्या आत तयार असतं. मला वाटायचं, पाठ करून ठेवलंय बिचाऱ्याने. आज कळलं की तो मुळात पडदा बघतच नाही, तो पडद्याच्या आतून चालतो.

इराला सांगितलं तर म्हणाली, “साहजिक आहे. पायविनऑटो ज्या वाटेने आत जाते ना, त्यातली एक वाट मुळात स्क्रीन रीडरसारख्या गोष्टींसाठीच केलेली आहे.”

म्हणजे मी गेले चार दिवस त्याच्याच रस्त्यावर चाचपडत होते.

१ जुलै, मंगळवार

प्रोग्राम रत्नपालच्या कॉम्प्युटरवर चालवायचं ठरलं. ‘सागरनोंद’ फक्त आमच्या दोघांच्याच कॉम्प्युटरवर आहे, आणि माझ्यावर नवं पोर्टल उघडं ठेवावं लागतं. चालू असताना कीबोर्डला हात लावायचा नाही, एवढीच अट. तो नुसता ऐकत बसतो. फोन आला की म्हणतो, “मशीन जेवतंय, अर्ध्या तासानं करा.”

मध्ये मध्ये प्रश्न विचारतो. ही ओळ काय सांगते, ती ओळ आतल्या बाजूला का सरकलेली, मोकळ्या जागा किती सोडायच्या. मी वाचून दाखवते. त्याचाही वेळ जातो, आणि समजावून सांगताना माझंही पक्कं होतं. शिकवायची हौस मला पहिल्यापासूनच.

३ जुलै, गुरुवार

झालं! तीनशे शहाऐंशी बोटी, एक दिवस आणि एक सकाळ. मी हाताने करत होते ते आठवलं आणि हसायलाच आलं. एक्सेल बघून बाळाजी म्हणाले, “सुचित्रा, तू तं कमाल केलीस गो.” घरी येताना अंबाडीची भाजी घेतली आणि सासूबाईंना दोनदा सगळी गोष्ट सांगितली.

४ जुलै, शुक्रवार

काहीही झालेलं नाही. सगळं चुकलंय.

सकाळी रत्नपाल म्हणाला, “ताई, काल एक गोष्ट खटकली. ‘मोतीसागर’वर धर्माजी आणि हिराजी दोघंही ऐकू आले.”

“मग?”

“ते सख्खे भाऊ आहेत.”

मला तरी कळेना. मग त्याने सांगितलं. धर्माजीचे वडील आणि काका एकाच बोटीवर होते, आणि दोघंही परत आले नाहीत. तेव्हापासून त्यांची आई रखमाबाई दोन्ही मुलांना एका बोटीवर पाठवत नाही. दर मोसमात ती स्वतः फोन करून विचारते, यादीत माझी पोरं वेगवेगळी आहेत ना. नऊ वर्षं हे उत्तर रत्नपालच देतोय.

बघितलं. ‘मोतीसागर’ उघडायला वेळ लागला होता, आणि प्रोग्रामने खिडकी बदलायची वाट न बघता मागच्याच बोटीचे पहिले काही खलाशी पुन्हा उचलून मग हिचे घेतले होते. हिराजी मागच्या बोटीचा. एकूण किती ठिकाणी असं झालं ते मोजलं. सदतीस बोटी. बोटींचा आकडा जुळला होता म्हणून मी नावं बघितलीच नव्हती.

दुपारी बाळाजींना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “बोट उलटली की साहेब यादी बघतो, पोरी. यादीत असंल त्याच्याच घरी माणूस जातो.”



९ जुलै, बुधवार

प्रत्येक बोटीनंतर तीन सेकंद थांबायला सांगितलं. तरी अकरा चुकल्या. पाच सेकंद केले. चार चुकल्या. म्हणजे घड्याळ वाढवत न्यायचं आणि देवावर सोडायचं.

रत्नपाल म्हणाला, “ताई, मी सेकंद मोजत नाही. एंटर दाबतो आणि नवीन बोटीचं नाव कानावर पडेपर्यंत पुढचं बटण दाबत नाही. कधी लगेच पडतं, कधी चहा होतो.”

चांगलं बोलतो. पण प्रोग्रामला कान कुठून आणू? इराला फोन केला, ती मीटिंगमध्ये होती. “हो आई, बघते, फाइल पाठव.” पाठवली. उद्यापासून दोन दिवस रजा आहे, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन अलिबागला. जीव ऑफिसात अडकलाय.

१४ जुलै, सोमवार

इराने कमालच केली! सकाळी येऊन प्रोग्राम चालवला आणि तो वेगळाच वागायला लागला. बोट मागितली की खिडकीच्या डोक्यावर त्याच बोटीचा नंबर येईपर्यंत थांबतो, जुळला तरच खलाशी उचलतो. नाही जुळला तर ती बोट वेगळ्या कागदावर लिहून पुढे जातो. उघडून बघितलं, सहा-सात ओळी नव्या. वर एक टीप पण लिहिलीय: ‘खिडकीचं नाव ऐकेपर्यंत थांब’. ही पोरगी ना, काय वाट्टेल ते लिहिते. ‘दिसेपर्यंत’ म्हणायचं तर ‘ऐकेपर्यंत’! मराठी बोलायची सवयच राहिली नाही पुण्यात.

तिला मेसेज केला, ‘शाब्बास माझी वाघीण’. अंगठा आला.

रत्नपालला ओळी वाचून दाखवायला घेतल्या तर तो म्हणाला, “हां, ती थांबायची ओळ ना, ताई, ती मी...” तेवढ्यात बर्फवाल्याचा फोन आला आणि राहून गेलं. मी म्हटलं, तू ऐक रे नुसता, किती सुरेख लिहिलंय माझ्या लेकीने. तो ऐकत राहिला.

१८ जुलै, शुक्रवार

सगळ्या बोटी दुसऱ्यांदा झाल्या. वेगळ्या कागदावर नऊ निघाल्या, त्या हाताने केल्या. मग रत्नपाल म्हणाला, आता मला सगळी यादी एकदा ऐकू द्या. दोन हजार नऊशे चौदा नावं? “हो.” मंगळवारपासून तीन दिवस तो हेडफोन लावून बसलाय. मध्येच हात वर करतो. “‘धनसागर’ हाकणारा तांडेल गेल्या वर्षी वारला, नाव अजून आहे.” “हा अनंत दोनदा आला, पण बरोबर आहे, दोन अनंत आहेत, एक थळचा.” हे ‘सागरनोंद’मध्येच चुकलेलं होतं, मी शंभर वेळा बघूनही मला दिसलं नसतं. एकवीस चुका काढल्या त्याने. त्याच्या कानात अख्खा कोळीवाडा आहे. आवाजावरून माणूस ओळखतो हे माहीत होतं, पण माणूस कुठल्या बोटीवर बसतो, कुणाशी पटत नाही म्हणून कुठली सोडली, हेसुद्धा.

माझ्या मनात आलं, आपण नऊ वर्षं याच्या शेजारी बसून त्याला फोन जोडून द्यायला सांगत होतो.

२४ जुलै, गुरुवार

यादी गेली. पोर्टलने एका दमात घेतली, एकही लाल ओळ नाही. बाळाजींनी पेढे आणले. सगळ्यांसमोर माझं आणि इराचं नाव घेतलं. मी म्हटलं, रत्नपालनेही खूप मदत केली. टाळ्या वाजल्या. तो हसला, मान हलवली. ‘मदत’ हा शब्द मला घरी येईपर्यंत टोचत राहिला. का ते कळलं नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पहाटेपासून टोकनं. शेवटची बोट खाडीतून बाहेर पडली तेव्हा अकरा वाजले होते. आमची एकही राहिली नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी साडेनऊला खाडीच्या तोंडावर ‘दर्याराणी’ उलटली. जवळच्या दोन बोटी धावल्या. एकीने तिघांना दिघीला उतरवलं, दुसरीने दोघांना आगरदांड्याला. बोटीवर किती जण होते ते नक्की सांगू शकणारा तांडेल शुद्धीवर नव्हता. दिघीच्या तिघांना वाटलं, बाकीचे आगरदांड्याला असतील. आगरदांड्याच्या दोघांना वाटलं, बाकीचे दिघीला. लाट वाढत होती आणि शोध थांबवायच्या बेतात होते.

शोधणाऱ्या साहेबांचा फोन आला. रत्नपालने घेतला.

“पाच मिळाले. तुमच्या यादीत किती?”

“सहा,” तो म्हणाला. कीबोर्डला हात लावायच्या आधी म्हणाला. मग लावला, यादी ऐकली, आणि पुन्हा म्हणाला, “सहा. सहावा प्रकाश, पहिल्यांदाच या बोटीवर गेलाय. बोटीच्या मालकाला विचारा, पण तोवर बोटी परत बोलवू नका साहेब.”

मी उभीच होते. बाळाजी दारात आले आणि तिथेच बसले, उंबऱ्यावर. अडीचपर्यंत ऑफिसातून कोणी जेवायला उठलं नाही. रत्नपालने फोनचा रिसीव्हर हातातून खाली ठेवला नाही.

अडीचला कळलं. प्रकाश खडकाच्या आडोशाला डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून होता. जिवंत.

बाळाजी रडले. मीही. रत्नपालने हेडफोन काढला, डोकं टेबलावर टेकवलं आणि बराच वेळ तसाच राहिला.

७ ऑगस्ट, गुरुवार

एक गोष्ट मनातून जाईना म्हणून पहिली, चुकलेली एक्सेल उघडली. तीन जुलैची. ‘दर्याराणी’च्या खाली सगळे मागच्याच बोटीचे खलाशी आले होते. पाच.

पाच.

ती यादी गेली असती तर साहेबांनी विचारलं असतं किती, मी यादी बघून सांगितलं असतं पाच, आणि बोटी परत आल्या असत्या.

इराला फोन केला. म्हटलं, तुझ्या त्या सहा ओळींनी काल एक माणूस वाचला.

ती म्हणाली, “कुठल्या ओळी, आई? मी ती फाइल उघडलीच नाही गं. राहूनच गेलं. तू ‘शाब्बास’ लिहिलंस, मला वाटलं ते माझ्या प्रमोशनबद्दल, त्याच आठवड्यात मिळालं होतं ना.”

मी प्रोग्राम पुन्हा उघडला. ‘खिडकीचं नाव ऐकेपर्यंत थांब.’ चोवीस दिवस ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी रत्नपालच्या टेबलापाशी खुर्ची नेऊन बसले. “तू लिहिलंस.”

“कुठलं?”

“माहितेय तुला.”

त्याने हेडफोन काढून ठेवला. “तुम्ही अलिबागला होतात. दोन दिवस मशीन मोकळं होतं. तुम्ही वाचून दाखवलेलं डोक्यात होतं, बाकीचं मदतीच्या पानांवर ऐकलं. चुकत होतं खूप. मोकळ्या जागेनं फार छळलं, चार आहेत की तीन. मग स्क्रीन रीडरलाच जागा मोजून बोलायला लावलं.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगत होतो, ताई.” आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “तुम्ही म्हणालात, ऐक नुसता.”

हो. मी म्हटलं होतं. याच वहीत लिहिलंय.

बाळाजींना बोलावून सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ते रत्नपालकडे वळले. मग म्हणाले, “पलीकडच्या दोन सोसायट्या विचारतात, तुमची यादी कोणी केली, आमचीबी करून द्या. मी सुचित्राचा नाव सांगितला होता.” त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू जाशील काय?”

“ताई येणार असतील तर. पोर्टलचं सगळं त्यांना पाठ आहे.”

९ ऑगस्ट, शनिवार

अर्धा दिवस होता. सगळे गेल्यावर मी रत्नपालला म्हटलं, मला शिकव.

“काय?”

“तू कसं चालतोस ते.”

त्याने मला त्याच्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला आणि आवाजाचा वेग अगदी कमी केला. “लहान मुलाला सांगतो तेवढा ठेवलाय,” म्हणाला. मग पडद्याचं बटण बंद करायला लावलं. काळा पडदा. खलाशांचा फॉर्म. मी अठरा वर्षं बघत आलेय तोच.

नाव. टॅब. वडील. टॅब. मग काहीच ऐकू आलं नाही. मी पुन्हा टॅब दाबला की नाही, ते आठवेना. त्या मुक्या खणातच की त्याच्या पलीकडे? बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

“आता कुठं आहात, ताई?” त्याने मागून विचारलं.

“तूच सांग,” मी म्हटलं आणि नुसती ऐकत बसले.